कोणतीही शंका

"यातला 'कोणतीही' हा शब्द काढता येईल का?" मी विचारलं.

गुणवंतरावांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. ते तिडके मॅडमचे क्लार्क. तिडके मॅडम माझ्या वकील. नागपूरच्या हायकोर्टातल्या एका लांबलचक व्हरांड्यात, खिडकीच्या दगडी कठड्यावर माझी याचिका पसरून ते मला ती परिच्छेदवार समजावून सांगत होते. याचिका इंग्रजीत होती, आणि सही करण्याआधी ती अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून द्यायची, असा रिवाज.

"कोणता शब्द?"

"कोणतीही."

"तेच विचारून राहिलो ना मी, कोणता?"

मी परिच्छेद अकरावर बोट ठेवलं. त्याचं त्यांनी नुकतंच मराठी केलं होतं: 'याचिकाकर्तीस सदर प्रश्नाबाबत कोणतीही शंका आली नव्हती.'

"नुसतं 'शंका आली नव्हती' म्हटलं तर?"

"मराठीतून काढून काय फायदा पोरी? ते तर मी तोंडी सांगतो. कागदावर इंग्रजी आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं. "मराठी समजायपुरतं. फायनल इंग्रजी."

गंमत अशी की माझी तक्रार नेमकी याच गोष्टीबद्दल होती. पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मला ते बोलून दाखवायचं सुचलं नाही. मी सही केली. मग आम्ही शपथ घ्यायच्या टेबलापाशी गेलो. तिथल्या बाईंनी वर न पाहता विचारलं, "यात लिहिलंय ते खरं आहे?" गुणवंतरावांनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, "हो." शिक्का बसला. सगळं मिळून चाळीस सेकंद लागली असतील.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात पदवी घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारं. हापशाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि घागरीच्या आतल्या बाजूला पांढरा थर बसतो. त्या थराला आमच्याकडे शेंबडं पोरही क्षार म्हणतं. माझे बाबा गोड्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. मी रसायनशास्त्राकडे का वळले, याचं दुसरं कारण मला सांगता येत नाही.

जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनतज्ज्ञाची एक जागा निघाली. महिलांसाठी राखीव, एकच. शंभर प्रश्नांची, मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेली लेखी परीक्षा होती आणि अर्ज राज्यातून कुठूनही करता येत होता. यादी लागली तेव्हा पहिल्या क्रमांकाला ब्याऐंशी गुण होते आणि मला, दुसऱ्या क्रमांकाला, एक्क्याऐंशी. सत्तरच्या वर तिसरं कोणी नव्हतं.

सदतिसावा प्रश्न असा होता: 'खालीलपैकी क्षार कोणता?' पर्याय एक, सोडियम क्लोराईड, म्हणजे आपलं मीठ. पर्याय दोन, सोडियम हायड्रॉक्साईड, म्हणजे कॉस्टिक सोडा. तीन आणि चार सोडून द्या. मी एक लिहिलं. उत्तरतालिकेत दोन होतं. इंग्रजी प्रश्नात 'अल्कली' असा शब्द होता. ज्यानं कोणी भाषांतर केलं, त्यानं ते हिंदीच्या अंगानं केलं असणार, कारण हिंदीत अल्कलीला क्षार म्हणतात. मराठीत आठवीपासून शिकवतात ते असं: आम्ल अधिक आम्लारी, बाण, क्षार अधिक पाणी. क्षार म्हणजे मीठ.

चूक भाषांतराची होती, उत्तर माझं बरोबर होतं, आणि तो एक गुण इकडून तिकडे गेला की नोकरी माझी होत होती. मला वाटलं, कोर्टात हे सिद्ध करायला दहावीचं पुस्तक पुरे.

"पुस्तक ठेवा बॅगेत," तिडके मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. बुटक्या, भराभर बोलणाऱ्या, टेबलावर पेन्सिलींचा जुडगा. "प्रश्नपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सूचना नऊ वाचली? 'भाषांतराबाबत शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानावा.' सगळं इथे अडतंय. रसायन सोडा."

"पण क्षार म्हणजे काय हेच तर..."

"गावंडे, कोर्ट क्षार चाखून बघणार नाही. शंका आली होती का तुम्हाला, एवढं सांगा. आली असेल तर इंग्रजी बघायला हवं होतं, केस संपली. नसेल आली तर सूचना नऊ तुम्हाला लागूच होत नाही."

मी पुस्तक बॅगेत ठेवलं. त्या लिहायलाही लागल्या होत्या.

"आपली याचिका रिट आहे म्हणता, म्हणजे नेमकं काय मिळणार मला?" मी विचारलं.

"आदेश. परीक्षा घेणाऱ्या मंडळाला कोर्ट सांगणार, तुमचं कर्तव्य तुम्ही नीट करा."

"आणि मंडळानं विचारलं, आमचं कर्तव्य काय, तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही फार प्रश्न विचारता."

घरी बाबांनाही नीट सांगता आलं नव्हतं. "रिट म्हंजे?" ते म्हणाले. "लेकराले दिठ लागू नये म्हून लावतेत, तसलं काही?" मी म्हटलं, ती तीट, हे रिट. "दोन्हीचा उपेग एकच दिसते," बाबा म्हणाले.

पहिल्याच तारखेला कोर्टानं नेमणूक पुढच्या आदेशापर्यंत थांबवली. बाबांनी गावात पेढे वाटले. मी जिंकलेली नाही, फक्त थांबवलेलं आहे, हे मी त्यांना तीनदा समजावलं. "थांबवलं कोनं? तू ना?" ते म्हणाले. "मंग."

सुनावणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. मी सकाळच्या गाडीनं एकटीच नागपूरला पोचले. मूळ प्रश्नपुस्तिका बरोबर आणायला मॅडमनी सांगितलं होतं. ती माझ्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेली होती.

कोर्ट हॉलच्या बाहेर भिंतीवर एक पाटी होती, तिच्यावर लाल आकडे बदलत होते. आमचा क्रमांक एकोणीस. आकडे पाच, सहा, मग एकदम अकरा, मग पुन्हा सात. यात काय क्रम आहे हे मी बराच वेळ शोधत बसले. बाकावर शेजारी माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती आणि तिचे ओठ सुकले होते.

"पाणी आहे का हो?" तिनं विचारलं.

मी बाटली दिली. दोन घोट घेऊन ती थांबली. "कुठलं पाणी आहे हे?"

"आमच्या गावचं. दर्यापूरकडचं. तसं गोडं आहे, टँकरचं."

"हे गोडं?" तिनं बाटली उजेडात धरून पाहिली. "आमच्याकडे गोंदियाला याला कोणी गोडं नाही म्हणणार. मीठ आहे यात. लिटरला अडीचशे मिलिग्रॅम तर असेलच क्लोराईड."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. जिभेनं क्लोराईड ओळखणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

"मीठ म्हणजे क्षारच की," मी म्हटलं.

"क्षार कसा? क्षार असता तर चिकना लागला असता, साबणासारखा. हे तर लवण." ती हसली. "आमच्या सरांनी पाठच करून घेतलं होतं. अम्ल और क्षार से, लवण और जल. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन."

तेच समीकरण. माझ्या समीकरणात क्षार बाणाच्या उजवीकडे होता, तिच्या समीकरणात डावीकडे. दोन्ही अगदी बरोबर होती.

"शाळा हिंदी होती तुमची?"

"बारावीपर्यंत. मग कॉलेज मराठी, पण शब्द तर पहिलेच बसून गेले ना डोक्यात." मग तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही तिकडच्याच दिसता. ही कांचन गावंडे कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"का?"

"तिनं माझी जॉइनिंग अडवून ठेवली. दोन महिने झाले. पेपरमधल्या एका सवालावरून. मी तर त्या सवालावर दहा सेकंद पण नाही लावले."

"इंग्रजी बघितलं होतं तुम्ही? त्या प्रश्नाचं?"

"कशाला बघू? क्षार लिहिलं होतं साफ. डाउटच नाही आला."

मी तिच्या हातातून बाटली घेतली, टोपण लावलं आणि म्हटलं, "कांचन गावंडे म्हणजे मीच."

ती बाकावर जरा सरकली, पण उठली नाही. फाइलवर तिचं नाव दिसत होतं, हेमेश्वरी रहांगडाले. माझ्या याचिकेत ती प्रतिवादी क्रमांक चार होती. पहिले तीन सरकार, मंडळ आणि जिल्हा परिषद. मी ते नाव बऱ्याचदा वाचलं होतं. आडनावाच्या मागे कोणी बसलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "तुम्हाला पण डाउट नाही आला म्हणता. कागदात लिहिलंय तुमच्या. म्हणजे तुम्ही पण बरोबर, मी पण बरोबर?"

तेवढ्यात गुणवंतराव धावत आले. "चला, चला. सतरावर आहे."

आत गार होतं. दोन न्यायमूर्ती होते, एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्या डावीकडे एक बाई. आमचा क्रमांक पुकारला, आणि पुढची दहा मिनिटं सगळे इंग्रजीत आणि इतक्या हळू बोलत होते की मला तुकडे तेवढे कळले. मंडळाच्या वकिलांनी सूचना नऊ वाचली. तिडके मॅडम म्हणाल्या, शंका उद्भवल्यास, ठीक. पण शंका उद्भवलीच नाही. आपल्या भाषेतला शब्द ज्याला स्पष्ट कळला, तो दुसऱ्या भाषेत कशाला डोकावेल? रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीला क्षार या शब्दाची शंका का यावी? परिच्छेद अकरा पाहावा. शपथेवर आहे.

वयस्क न्यायमूर्तींनी मान हलवली. मला मॅडमच्या पाठीवरून कळलं की आपलं जमतंय. त्यांचा उजवा खांदा जरा खाली आला होता.

मग बाई न्यायमूर्ती म्हणाल्या, "मूळ पुस्तिका आहे?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी पुठ्ठे सोडून पुस्तिका दिली. ती मॅडमकडून खालच्या टेबलावरच्या माणसाकडे गेली, त्यानं ती वर दिली.

आता ते सांगायला हवं, जे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

परीक्षेत मी प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत वाचत होते. सवयच होती. सदतिसाव्यालाही वाचला. 'क्षार' वाचलं, मग 'अल्कली' वाचलं, आणि समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं. सगळा पेपर झाल्यावर त्या चिन्हापाशी परत आले. शेवटचं पान उलटून सूचना नऊसुद्धा वाचली. दोन्ही उत्तरं मला समोर स्वच्छ दिसत होती. मी एकवर गोल भरला, कारण क्षार म्हणजे मीठ, आणि कोणा मंडळाच्या सूचनेनं ते बदलत नाही, असं मला वाटलं. तेव्हा त्याचा अभिमानही वाटला. पुढे याचिकेसाठी झेरॉक्स काढायच्या आधी, दुकानाच्या पायरीवर बसून मी ते चिन्ह खोडलं. पेन्सिल टोकदार होती. शिसं गेलं, खाच राहिली. झेरॉक्समध्ये खाच येत नाही.

कॉलेजात शिकवलं होतं की शंका येणं हा गुण. इथे तीच एक गोष्ट मला यायला नको होती.

बाई न्यायमूर्तींनी पुस्तिका हातात घेतली होती, उघडली नव्हती. त्या माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाल्या, "तुम्हीच याचिकाकर्त्या ना? पुढे या. इंग्रजी वाचलंच नव्हतं तुम्ही?"

मॅडम घाईनं म्हणाल्या, "परिच्छेद अकरामध्ये..."

"त्यांना बोलू द्या."

"वाचलं होतं," मी म्हटलं.

हॉलमध्ये काही झालं नाही. पंखा फिरत होता. मॅडमनी मान वळवली नाही.

"मग शंका आली होती?"

"आली होती. कोणतीही आली नव्हती, हे बरोबर नाही. एक आली होती."

"मग दोन नंबरचं उत्तर का नाही दिलं?"

"कारण मराठीत क्षार म्हणजे मीठ." मग मी उगाच म्हणाले, "प्रतिवादी चार यांना मात्र आली नव्हती. त्यांच्या शाळेत क्षार बाणाच्या डावीकडे आहे."

न्यायमूर्तींनी एकमेकांकडे पाहिलं. वयस्क न्यायमूर्ती म्हणाले, "म्हणजे काय?"

मग मला रसायन सांगायला मिळालं. दोन्ही समीकरणं, दोन्ही भाषांत. तीनेक मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. वयस्क न्यायमूर्तींनी ती कागदावर उतरवून घेतली असावीत, निदान पेन हलत होतं. शेवटी ते म्हणाले, शपथपत्रात एक आणि इथे दुसरं, हे गंभीर आहे; पण तुम्ही स्वतः सांगितलंत, म्हणून पुढे नेत नाही. मग ते मॅडमशी इंग्रजीत काही बोलले. मॅडम म्हणाल्या, याचिका मागे घेण्याची परवानगी असावी. परवानगी मिळाली. नेमणुकीवरची स्थगिती उठली. यापुढे मराठी भाषांतर विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावं, असं मंडळाच्या वकिलांना सांगण्यात आलं. ते कोणी कुठे लिहिलं की नाही, मला अजून माहीत नाही.

पुस्तिका माझ्याकडे परत आली. ती कोणी उघडलीच नव्हती.

बाहेर तिडके मॅडम फायली छातीशी धरून क्षणभर थांबल्या. "त्या पुस्तिकेत काही होतं का?"

"खोडलेलं होतं."

"मग खोडलेलं राहू द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. रागावल्यासारख्या नव्हत्या, नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "जा गावंडे. गाडी चुकेल."

गुणवंतराव फाटकापर्यंत आले. "त्या दिवशी तू शब्द काढायला सांगितला, तो हाच होय?" मी हो म्हटलं. "एक शब्द काढला असता तरी वाक्य खोटंच राहिलं असतं ना पोरी."

ते खरं होतं. 'कोणतीही' काढून काय उरलं असतं, याचा मी विचारच केला नव्हता.

हेमेश्वरी फाटकापाशी उभी होती. तिनं बाटलीसाठी हात पुढे केला. मी बाटली दिली. तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली परत दिली.

संध्याकाळी बाबा एसटी स्टँडवर न्यायला आले होते. "मंग? भेटलं का रिट?"

"मागे घेतलं."

"देलं कवा होतं, त मांगं घेतलं?"

"त्यांनी नाही बाबा. आपण घेतलं."

"म्हंजे जितलो का हारलो?"

बाबांनी दोनदा विचारलं, मग गाडी सुरू केली. रस्ताभर मी एकाच गोष्टीचा उलगडा करत होते. मी खरं का बोलले? बाकावरच्या त्या मुलीमुळे? की पुस्तिका वर गेली होती आणि पान उजेडात तिरपं धरलं तर खाच दिसेल, हे मला ठाऊक होतं म्हणून? प्रयोग असता तर पुस्तिका घरी ठेवून पुन्हा करून पाहिला असता. तो पुन्हा करता येत नाही. सोळा वर्षं झाली, मुलांना अकरावी-बारावीचं रसायन शिकवते, आणि याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाणी तपासणीचा अहवाल लागला. प्रयोगशाळेचा नेहमीचाच छापील कागद. बाबा वाचत उभे होते, त्यांनी मला हाक मारली. "हे पाय. आजवर असं कोनी लेयलं नव्हतं."

तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं: 'एकूण विरघळलेले क्षार'. त्याच्यापुढे आकडा होता. आणि त्या छापील शब्दाखाली निळ्या शाईत, हिंदी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'क्षार म्हणजे येथे मीठ समजावे. शंका आल्यास जरूर विचारावे.'

खाली सही होती. हे. रहांगडाले.